हैबतीच्या गाडीचे तीन मोड

तासगावच्या बाजूला, द्राक्षांच्या मुलखात, एका गावात हैबती नावाचा एक भोळा बागायतदार राहत होता. होता कशाला म्हणू, अजून राहतो. म्हणून तर मी गावाचं नाव सांगत नाही. उगाच कुणी जाऊन त्याला विचारायचं, आणि तो सगळं खरं सांगत बसायचा.

हैबती मूर्ख नव्हता, असं त्याची आई म्हणायची. सांगितलेलं ऐकायचा, एवढंच. शाळेत असताना एकदा गुरुजी वर्गावर ओरडले, "तोंडं बंद!" सगळी पोरं गप्प बसली. गुरुजी गेल्यावर पुन्हा बोलायला लागली. हैबती मात्र जेवायच्या सुट्टीतही तसाच बसला. डबा उघडला नाही. घरी गेला तरी आईपुढं तोंड उघडेना. शेवटी गुरुजींना घरी बोलावून आणलं, तेव्हा कुठं पोरगं जेवलं.

वडील लवकर गेले. बाग, बेदाण्याचं शेड आणि हैबती, असा तिहेरी पसारा त्याच्या आईनं, सगुणाबाईनं, एकटीनं ओढला. बाग फळाला आली. बेदाण्याला नाव मिळालं. राहिला हैबती. त्याचं लग्न काही जमेना. हल्ली मुलीच्या बापाला जावई कसा लागतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. बाप स्वतः शेतकरी, आजा शेतकरी, पण जावई म्हटलं की नोकरीवाला पाहिजे. पुण्यात कुठंतरी एका खोलीत चौघांबरोबर राहत असला तरी चालेल, पण बागायतदार नको. सगुणाबाईनं देव केले, उपास केले, मध्यस्थांना चहा पाजून पाजून दूधवाल्याचं भलं केलं. काही उपयोग नाही.

मग सगुणाबाईचा भाऊ गुलाबमामा पुढं आला. तो म्हणाला, "आक्का, लोक पोराला बघतच न्हाईत. गाडी बघत्यात. अशी गाडी घे, की बघणाऱ्यानं पोराकडं बघायचंच इसरलं पायजे."

हे मात्र सगुणाबाईला पटलं. पोराकडं कुणी फार बघू नये असं तिलाही वाटतच होतं.

झालं. गाडी आली. लालभडक, परदेशी, जमिनीला चिकटलेली. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती शंभरावर जाते म्हणे. आमच्या गावात तेवढा सलग रस्ताच नाही. एक खड्डा संपायच्या आत दुसरा सुरू होतो. पण गाडी होती मात्र देखणी, नाव ठेवायला जागा नाही.

गाडी चालवायला शिकवायला शोरूममधून एक टायवाले साहेब आले. हैबतीनं आजवर ट्रॅक्टर चालवलेला. तो आत बसला आणि डावा पाय इकडंतिकडं चाचपायला लागला.

"क्लच कुठाय?"

"नाही. ऑटोमॅटिक आहे."

"मग गिअर कोण टाकणार?"

"गाडी स्वतः टाकते."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही फक्त मोड निवडायचा," साहेब म्हणाले, आणि त्यांनी मधलं एक गोल बटण दाखवलं. बटण फिरवलं की खटका पडायचा. "पहिल्या खटक्याला कम्फर्ट. गाडी मऊ चालते, आवाज करत नाही, वरचा गिअर लवकर टाकते, कशाची घाई नाही. दुसऱ्या खटक्याला स्पोर्ट. पाय लागला रे लागला की गाडी उसळते. खालचाच गिअर धरून ठेवते, इंजिन गरजतं, स्टिअरिंग जड होतं, गाडी खालून कडक होते. तिसऱ्या खटक्याला स्पोर्ट प्लस. त्यात हे सगळं आणखी वाढतं, आणि तुमची चूक झाली तर गाडी सांभाळून घेत नाही. तो मोड इकडच्या रस्त्यावर वापरायचा नसतो."

"मग ठेवलाय कशाला?"

साहेबांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते खोकले, आणि म्हणाले, "तुम्ही एवढंच लक्षात ठेवा. रस्ता मोकळा दिसला की स्पोर्ट लावा. मजा घ्या."

"मोकळा दिसला की लावायचाच?"

"लावायचाच!" साहेब हसून म्हणाले, आणि गेले. हसणाऱ्याचं काय जातं?

पहिलं स्थळ कृष्णाकाठचं होतं. गुलाबमामा पुढं बसला, मांडीवर पेढ्यांचा पुडा. हैबतीनं सगळा रस्ता गाडी अगदी शहाण्यासारखी चालवली, कारण रस्त्यावर सगळीकडं ट्रॅक्टर होते, शेरडं होती, माणसं होती. मोकळा रस्ता कुठं दिसेचना. मग ते मुलीच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले. पाहुणे यायचे म्हणून त्या लोकांनी गल्ली लख्ख झाडून घेतली होती. सडा मारला होता. जनावरं आत बांधली होती, पोरं आत कोंडली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

हैबतीनं बघितलं. रस्ता मोकळा.

त्यानं खटका फिरवला आणि पाय दिला.

पुढचं काय सांगू? इंजिन असं गरजलं की कौलावरची कबुतरं गेली ती दुसऱ्या दिवशी आली. पाय उचलल्यावर मागच्या नळीतून फटाक्यांसारखे बार निघाले. आत दावणीची म्हैस दावं तोडून स्वयंपाकघरात शिरली. मुलीची आजी पोह्यांवर कोथिंबीर घालत होती, ती कोथिंबीर घेऊन कॉटखाली गेली. गाडी ओसरीच्या खांबाला नाक लावून उभी राहिली. पेढ्याचा पुडा फुटला होता आणि मामाच्या मिशीला खवा लागला होता.

मुलीचा बाप बाहेर आला. "पाहुणं आलं का दरोडा पडला?"

मुलगी माळ्यावर जाऊन बसली होती. ती खाली आलीच नाही.

सगुणाबाईनं कपाळावर हात मारला. "आरं बाबा, लोकांच्या दारात असं धडधडत जात्यात व्हय? दार दिसलं की कम्फर्ट लावायचा. मुंगीच्या पावलानं जायचं. आवाज न्हाई, काय न्हाई. कळलं?"

"कळलं," हैबती म्हणाला. "दार दिसलं की मुंगीच्या पावलानं."

दुसरं स्थळ मिरजेच्या पलीकडं. दुपारी पोहे खायला बोलावलं होतं. गाडी हमरस्त्याला लागली. आता त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काय नाही? गॅरेज आहेत, हॉटेलं आहेत, खताची दुकानं आहेत, घरं आहेत. आणि प्रत्येकाला दार आहे.

गाडी मुंगीच्या पावलानं चालायला लागली.

सायकलवाले पुढं गेले. उसाची बैलगाडी पुढं गेली. एक म्हातारी चार शेरडं घेऊन पुढं गेली, आणि जाता जाता काचेतून वाकून म्हणाली, "बिघडली काय रं लेकरा?"

"हैबत्या, चल की पुढं!" मामा ओरडला.

"मामा, दार हाय."

"कुणाचं दार?"

"कुणाचं का असंना. आईनं नुसतं दार म्हटलंय."

मामा खाली उतरला, रस्त्याकडेला चहा प्याला, पान लावून घेतलं, ओळखीच्या माणसाची विचारपूस केली आणि चालत येऊन पुन्हा गाडीत बसला. गाडी फार लांब गेली नव्हती.

ते पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलीच्या घरात आनंदीआनंद होता. यांची वाट बघून कंटाळलेल्या लोकांनी दुसऱ्या पाहुण्यांना बोलावून घेतलं होतं. ते साध्या मोटरसायकलवर आले, वेळेत आले, आणि ठरवून गेलेसुद्धा. आता पेढे वाटणं चाललं होतं. माणसं चांगली होती. यांनाही पेढे दिले. मामानं नको म्हटलं. हैबतीनं मामाचाही खाल्ला.

आता मात्र सगुणाबाई भडकली. "उशीर झाल्यावर कुणी दारं मोजत बसतंय का? उशीर झाला की स्पोर्ट लावायचा, आणि पुढं जो कोण असंल त्याला मागं टाकायचा! कोण हाय, कुठला हाय, बघायचं न्हाई!"

"बघायचं न्हाई," हैबती म्हणाला.

तिसरं स्थळ तालेवार होतं. मुलीचे वडील गावातलं बडं प्रस्थ. पांढरेशुभ्र कडक इस्त्रीचे कपडे, डोक्याला तेल, बोलण्यात रुबाब. त्यांचा फोन आला, "आमचं घर आडबाजूला आहे, सापडायचं नाही. मी मोटरसायकल घेऊन फाट्यावर थांबतो. माझ्या मागोमाग या." आता एवढा मोठा माणूस स्वतः फाट्यावर येऊन थांबतो, म्हणजे गाडीनं काम केलं होतं. मामा खूश झाला.

फाट्यावर ते थांबलेच होते. त्यांनी हात केला, मोटरसायकलला किक मारली आणि पाटाच्या कडेनं पुढं निघाले. हैबतीनं विचारलं, "मामा, उशीर झालाय का?"

मामानं घड्याळ बघितलं. माणूस खरं बोलला, तिथंच चुकलं. "झालाय की थोडा."

खटका पडला. गाडी गरजली. ते मागं वळून बघणार, तोवर गाडी त्यांच्या अंगाला वारा घालून पुढं गेली होती. मामानं आरशात बघितलं. रस्त्यावर धुरळा होता आणि धुरळ्यात मोटरसायकल नव्हती.

"आरं, ते सासरं हुतं तुझं!"

"आता कुठायत?"

"पाटात!"

"म्हंजे मागं राहिले ना?"

"राहिले."

"मग झालं तर," हैबती म्हणाला.

पण वाट दाखवणाराच मागं राहिला, त्यामुळं घर काही सापडलं नाही. रस्ता एका वीटभट्टीवर जाऊन संपला. मामानं परत यायला दुसरा रस्ता विचारून घेतला, पाटावरून न जाणारा.

त्या दिवशी सगुणाबाई ओरडली नाही. ओट्यावर बसली आणि पदर डोळ्याला लावून रडायला लागली. हैबती घाबरला. आई ओरडली की त्याला बरं वाटायचं, काय करायचं ते कळायचं. रडणाऱ्या आईपुढं काय करतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"आरं, मला सुनेची हौस न्हाई रं," ती म्हणाली. "नातवाची पण न्हाई. मी सांगती म्हणून तू चालतोस. उद्या मी डोळं मिटलं, तर तुला सांगंल कोण? तू दारात उभाच राहशील की रं, कुणीतरी आत ये म्हणायची वाट बघत."

हैबतीनं विचार केला. "मग डोळं मिटायच्या आधी सांगून ठेव," तो म्हणाला.

सगुणाबाईनं नाक पुसलं. म्हणाली, "आता एवढं ध्यानात ठेव. वडीलधारं माणूस पुढं असलं की त्याच्या पुढं जायचं न्हाई. त्यांच्या मागं राहायचं. ते जातील तसं जायचं, ते थांबले की थांबायचं."

चौथं स्थळ होतं सुबरावांचं. सुबराव एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. माणूस करारी. मुलगी एकुलती एक, वैजयंता. सगुणाबाई मनातून समजून होती की हे शेवटचं. याच्यापुढं मध्यस्थाकडंही स्थळ उरलं नव्हतं.

सुबरावांच्या गावाच्या अलीकडं रस्त्यावर एक म्हातारा सायकलवरून चालला होता. हँडलला भाजीची पिशवी. हैबतीनं बघितलं, माणूस वडीलधारा आहे. त्यानं कम्फर्ट लावला आणि सायकलमागं गाडी धरली.

म्हाताऱ्यानं मागं बघितलं. सायकल कडेला घेतली, हातानं खूण केली, जा पुढं. हैबतीनंही गाडी कडेला घेतली. म्हातारा निघाला, गाडी निघाली. म्हातारा पानपट्टीवर थांबला. हैबती थांबला. म्हाताऱ्यानं सुपारी घेतली. हैबतीनंही घेतली, तो खात नव्हता तरी. म्हातारा थोडं पुढं जाऊन झुडपाआड गेला. हैबती उतरला आणि शेजारच्या झुडपाआड गेला.

"आता तू का गेलतास?" मामानं विचारलं.

"ते जातील तसं जायचं."

आता म्हाताऱ्याला घाम फुटला. एवढी मोठी लाल गाडी, आवाज नाही, हॉर्न नाही, नुसती सावलीसारखी मागं. त्यानं पायडल मारायला सुरुवात केली. गावात शिरला, बोळातून वळला, एका घरापुढं सायकल टाकली, आत गेला आणि कडी लावून घेतली. गाडी दारात उभी राहिली.

मामानं दारावरची पाटी वाचली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पाटीवर सुबरावांचंच नाव होतं.

बराच वेळ दार वाजवल्यावर खिडकी किलकिली झाली. "का लागलाय माझ्या मागं? काय घेतलंय मी तुमचं?"

"काय न्हाई," हैबती म्हणाला. "तुम्ही वडीलधारे. तुमच्या पुढं कसं जायचं?"

कडी निघाली. सुबराव दारात आले. म्हातारा रडत होता हो!

"उभी हयात एसटी चालवली," सुबराव म्हणाले. "रिक्षावाले कट मारून गेले. ट्रकवाले शिव्या देऊन गेले. काल शाळेत जाणारं पोरगंसुद्धा हॉर्न मारून पुढं गेलं. आज पहिल्यांदा माझ्या मागं कुणी राहिलं. अन् ते पण असली गाडी असून!" त्यांनी हैबतीचा हात धरून त्याला आत नेलं.

बापच रडतोय म्हटल्यावर वैजयंता स्वतःच पोहे घेऊन बाहेर आली. डोळे धीट, बोलणं सरळ. तिनं ताटली ठेवली आणि विचारलं, "सगळ्या वाटेनं मागंच आलात?"

"व्हय."

"हॉर्न का न्हाई मारला?"

"मारायला कुणी सांगितलं नव्हतं."

तिला हसू आवरेना. आजवर आलेल्या पोरांनी तिला फ्लॅट सांगितले होते, पगार सांगितले होते, आणि त्यातलं निम्मं खोटं निघालं होतं. तिनं विचारलं, "ही गाडी तुम्ही का घेतली?"

मामा खोकला. पण उशीर झाला होता.

"लोकांनी माझ्याकडं बघू नये म्हणून," हैबती म्हणाला.

वैजयंता आत गेली आणि बापाला हाक मारून म्हणाली, "आप्पा, ह्यास्नी खोटं बोलायला येतच न्हाई. मला पसंत हाय."

घरी पोचेपर्यंत मामा टोपी हातातच धरून बसला होता. यात काहीतरी फसगत आहे असं त्याला वाटत होतं, पण कुणाची ते कळत नव्हतं.

लग्न उन्हाळ्यात लागलं, मुलीच्या गावी. अक्षता पडल्या, जेवणं झाली. सून घरी यायची म्हणजे तयारी पाहिजे, म्हणून सगुणाबाई आणि मामा पुढं निघाले. निघताना सगुणाबाईनं हैबतीला मांडवाच्या खांबाआड नेलं.

"नीट ऐक. सून गाडीत बसली की वाटेत कुठं उतरवायची न्हाई. रस प्यायला न्हाई, पाया पडायला न्हाई, कुणी बोलावलं तरी न्हाई. दिवस मावळायच्या आत थेट घरात आणायची. थेट घरात. कळलं?"

"थेट घरात," हैबती म्हणाला.

खरं तर नवऱ्या मुलानं स्वतः गाडी चालवायची नसते. मामानं एक ड्रायव्हर ठरवलाही होता. तो आत बसला, डाव्या पायानं क्लच शोधला, सापडला नाही, तेव्हा नमस्कार करून उतरला. मग मुंडावळ्या आणि फेट्यासकट हैबतीच बसला. शेजारी वैजयंता. मागं पाठराखीण म्हणून तिची आत्या. आत्या गाडीच्या मऊपणाला पहिल्याच वळणावर बळी पडली आणि घोरायला लागली.

वैजयंतानं गोल बटणाकडं बोट केलं. "अहो, हे काय?"

हैबतीनं तिन्ही खटके समजावून सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं. एसटी ड्रायव्हरची पोर ती, गाडीच्या गोष्टीतच वाढलेली.

"म्हंजे इंजिनाचा जोर तिन्हीत तेवढाच," ती म्हणाली.

"तेवढाच?"

"मग? खटका फिरवला म्हणून इंजिन बदलतंय व्हय? जोर तोच. पायाला उत्तर कधी द्यायचं, तेवढं बदलतंय. कम्फर्ट उशिरा देतंय, स्पोर्ट लगेच देतंय, अन् तिसरं त्याच्याहून लगेच."

हैबती थक्क झाला. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. सगळी वाट तो मनाशी घोकत राहिला, जोर तेवढाच, उत्तर लगेच. जोर तेवढाच, उत्तर लगेच. एवढी मोठी गाडी इतके महिने चालवून आज त्याला ती कळली, आणि कळवून देणारी शेजारी बसली होती. फार सुख वाटलं त्याला.

इकडं घरी सगळी तयारी झाली होती. सगुणाबाईचं घर कसं आहे ते आधी सांगतो. पुढं मोठा सोपा. बेदाण्याची भरलेली पिकअप आत घेता यावी म्हणून सोप्याचं दार चांगलं रुंद, आणि उंबऱ्याला सिमेंटचा उतार केलेला. सोप्यात दोन्ही बाजूंना दगडी खांब. सोप्याच्या पाठीला पत्रा मारलेला, आणि पत्र्यापलीकडं बेदाण्याचं शेड. हंगाम भरात होता. शेडमध्ये द्राक्षं वाळवायच्या जाळ्यांचे मजलेच्या मजले बेदाण्यानं भरले होते.

उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं. सून येणार, उजव्या पायानं माप लवंडणार, लक्ष्मी घरात येणार. सगुणाबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभी. अंगणात बायका, पोरं, ताशेवाले.

गाडी आली. दिवस अजून मावळला नव्हता. घराचं दार दिसत होतं, म्हणून गाडी कम्फर्टमध्ये होती. लोक कौतुकानं बाजूला झाले. गाडी अंगणात आली. सगुणाबाईनं ताट पुढं केलं. गाडी थांबली नाही. सगुणाबाई जी भिंतीला चिकटली ती ताटासकट. गाडी उतारावरून वर चढली, उजव्या चाकानं माप लवंडलं आणि आवाज न करता सोप्यात जाऊन उभी राहिली.

ताशे एकेक करून थांबले. एक जण वाजवत राहिला, त्याचं तोंड पलीकडं होतं.

"हैबत्या!" मामा ओरडला. "गाडी आत?"

"आईनं थेट घरात सांगितलंय," हैबती काचेतून म्हणाला.

सगुणाबाई सांडलेल्या तांदळाकडं बघत होती. शेजारच्या एका वयस्कर बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "उजवंच चाक हाय गं. शास्त्राला धरूनच झालं."

एवढ्यावर भागलं असतं. पण वैजयंता उतरायला गेली, तर दार उघडेना. गाडी बरोबर दोन खांबांच्या मध्ये उभी होती. इकडचं दार खांबाला अडलं, तिकडचंही अडलं. "मागं घे," कुणीतरी म्हणालं.

"मागं न्हाई!" सगुणाबाई किंचाळली. "नवी सून आल्यापावली माघारी न्यायची? माझ्या घरातनं? मी मेल्यावर न्या!"

मामानं अंदाज घेतला. "बरं बरं. मागं नको. वीतभर पुढं घे. मग दारं खांबातनं सुटत्यात. वीतभरच."

हैबतीनं पाय दिला. गाडी हलली नाही. लवंडलेलं माप घरंगळत पुढच्या चाकाखाली जाऊन बसलं होतं, पण ते कुणाला दिसलं नाही. त्यानं पुन्हा हलकेच पाय दिला. गाडी हलली नाही.

"जरा जोर लाव की!" मामा म्हणाला.

हैबतीनं विचार केला. त्यानं आयुष्यात एवढा विचार कधी केला नव्हता. मग त्यानं मान बाहेर काढली आणि मामाला समजावलं, "मामा, जोराचा प्रश्नच न्हाई. जोर तिन्हीत तेवढाच हाय. उत्तराला उशीर होतोय."

"मला शिकवू नगं. घे पुढं!"

सांगायला पाहिजे, की हैबतीचं म्हणणं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. शोरूमचे टायवाले साहेबसुद्धा यात चूक काढू शकले नसते. त्यानं एक खटका फिरवला. दुसरा फिरवला. आणि पाय दिला.

उत्तर लगेच आलं.

पत्रा फाटल्याचा आवाज शेजारच्या गावात ऐकू गेला म्हणतात. मग बराच वेळ नुसता बेदाणा पडल्याचा आवाज येत राहिला. सगळे धावले. सोप्याच्या पाठीला गाडीच्या आकाराचं भगदाड पडलं होतं. शेडच्या दुसऱ्या टोकाला, जाळ्यांच्या ढिगात, लाल गाडी गळ्यापर्यंत बेदाण्यात बसली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मागच्या काचेतून आत्या डोळे चोळत बघत होती. "आलं का गं घर?"

वैजयंताचं दार मात्र उघडलं. मामाचा अंदाज बरोबर होता, दारं खांबातनं सुटली होती. ती खाली उतरली, घोट्यापर्यंत बेदाण्यात. तिनं डोक्यातल्या अक्षता आणि बेदाणे एकत्रच झटकले आणि हैबतीपुढं हात केला.

"किल्ली द्या."

हैबतीनं दिली.

सगुणाबाई भगदाडातून आत आली. हातात ताट तसंच. ही आता उलट्या पावलानं बापाकडं जाणार, असंच तिला वाटत होतं. आणि गेली असती तरी कोण काय बोलणार होतं?

वैजयंता वाकून तिच्या पाया पडली. "आई," ती म्हणाली, "उद्यापासनं ह्यास्नी काय सांगायचं ते मी सांगती. तुम्ही आता काय सांगू नका."

"सांग गं बाई," सगुणाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मी लई दमली."

तेवढ्यात मामाच्या खिशातला फोन वाजला. सुबराव होते. बापाचा जीव तो, पोरगी गेल्यापासून म्हातारा घड्याळच बघत बसला होता.

"पोचली का पोरगी घरी?"

मामानं भगदाडाकडं बघितलं. गाडीकडं बघितलं. तोंडात एक बेदाणा टाकला.

"पोचली की," मामा म्हणाला. "जरा पुढं गेलती, एवढंच."